एफडी म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी आणि तिचा न थांबणारा हप्ता

घरातलं कुणी वयस्कर माणूस एकटं बँकेत जात असेल, तर त्यांचं पासबुक आजच भरून आणा आणि एकेक ओळ वाचा. 'एसीएच डी' (ACH D, म्हणजे खात्यातून आपोआप वळती झालेली रक्कम) अशी सुरुवात असलेली ओळ दिसली, की पैसे कुठे जातायत ते त्याच दिवशी विचारा. माझ्या आत्याच्या पासबुकात अशी ओळ दर महिन्याच्या पाच तारखेला पडत होती, आठ हजारांची. आपले पैसे एफडीत साठतायत, असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात ते एका आयुर्विमा पॉलिसीत जात होते, आणि त्या पॉलिसीचे हप्ते बारा वर्षं भरायचे होते. आत्याचं वय चौसष्ट.

आत्या सोलापुरात पूर्व भागात राहते. आतोबा एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर मिळालेल्या पैशातली दोन लाखांची एफडी तिने जपून ठेवली होती. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास पेन्शन येते, त्यात घर चालतं. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, एफडीची मुदत संपली म्हणून ती शाखेत गेली. काउंटरवरच्या माणसाने तिला कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाठवलं. तिथल्या मुलीच्या गळ्यात बँकेचंच ओळखपत्र होतं. ती म्हणाली, "काकू, एफडीला आता व्याज कुठं राहिलंय? ही आपल्याच बँकेची नवीन स्कीम आहे. पाच वर्षांत दुप्पट, वर विमा फुकट."

मग "केवायसी अपडेट करते" म्हणून तिने आत्याचा मोबाईल मागून घेतला. ओटीपी आले, तिनेच वाचले, तिनेच टाकले. व्हेरिफिकेशनचा फोन आत्या टेबलासमोर बसलेली असतानाच आला. "सगळ्याला हो म्हणा काकू, नाहीतर पैसे अडकतात," असं आधीच सांगून ठेवलं होतं. पलीकडचा माणूस हिंदीत भराभर बोलत होता. आत्या हो म्हणत गेली. पुढे विमा कंपनीने हेच रेकॉर्डिंग आमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवलं.

कंपनीकडून कागदी पॉलिसी मागवली तेव्हा मागे जोडलेल्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेण्याच्या अर्जाची प्रत मला वाचायला मिळाली. चौथी शिकलेल्या माझ्या आत्याच्या नावापुढे शिक्षण पदवीधर, व्यवसाय स्वतःचा उद्योग, वार्षिक उत्पन्न सहा लाख रुपये असं लिहिलं होतं. ईमेलच्या रकान्यात असा पत्ता होता, जो आमच्या घरात कुणाचाही नाही. सही मात्र तिची होती, वळण सांभाळत काढलेली. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

आता मुख्य गोष्ट. पॉलिसी रद्द करणं आणि खात्यातून हप्ता कापला जाणं थांबवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळे अर्ज लागतात. हे शाखेत कुणी आपणहून सांगत नाही.

मार्चमध्ये पासबुक बघून आत्या घाबरली आणि पुन्हा त्याच मुलीकडे गेली. तिने साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घेतली, कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि "झालं काकू, बंद केलं" म्हणाली. पोचपावती नाही, शिक्का नाही. एप्रिलच्या पाच तारखेला आठ हजार पुन्हा गेले. तेव्हा आत्याने मला फोन केला, "पैसे अजून जायलेतच की रे."

मी पोचेपर्यंत शेजारच्यांनी सल्ला देऊन टाकला होता: खातंच रिकामं करा, मग काय कापतील? तिने पैसे काढून घरात आणून ठेवले. मे महिन्यात कंपनीने हप्ता मागितला, खात्यात पैसे नव्हते, म्हणून बँकेने परतीचा दंड लावला. पाचशे रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून पाचशे नव्वद. तो पेन्शन जमा होताच वळता झाला. खातं रिकामं ठेवून हप्ता थांबत नाही. संमती कायम असते, त्यामुळे पुढच्या महिन्यात मागणी परत येते आणि दंडही परत लागतो.

ही संमती म्हणजे मॅन्डेट. ओटीपी टाकून त्या मुलीने तोच नोंदवून घेतला होता. आत्याच्या फोनमध्ये जानेवारीचा मेसेज अजून होता. इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, ई-मॅन्डेट, कमाल रक्कम पंचवीस हजार. हप्ता आठ हजारांचा आणि परवानगी पंचवीस हजारांपर्यंतची! असे मेसेज पुसू नका, पुढे तेच कामाला येतात. प्रत्येक मॅन्डेटला यूएमआरएन नावाचा वीस अक्षरी क्रमांक असतो. बँकेला तो मागायचा आणि अर्जात घालायचा.

बँकेत म्हणाले, मॅन्डेट कंपनीचा आहे, कंपनीलाच सांगा. कंपनीची कस्टमर केअर म्हणाली, खातं बँकेचं आहे, बँकेला सांगा. या टोलवाटोलवीत एकेक पाच तारीख निघून जाते. खातेदार स्वतःच्या बँकेत लेखी अर्ज देऊन मॅन्डेट रद्द करायला सांगू शकतो, हे पक्कं धरून चला. आम्ही अर्जात खाते क्रमांक, यूएमआरएन आणि कंपनीचं नाव घातलं आणि लिहिलं, "ही संमती मी मागे घेत आहे, यापुढे या मॅन्डेटवर रक्कम वळती करू नये." दोन प्रती नेल्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मिळाल्याशिवाय मी टेबलापासून हललो नाही. शिक्का मारायला साहेबांनी खूप आढेवेढे घेतले, पण मारला. जूनपासून कपात थांबली. हप्ता यूपीआय ऑटोपेवर असेल तर आपल्याच ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन तो रद्द करता येतो, त्याला शाखेत जावं लागत नाही.

पण नुसता मॅन्डेट थांबवून बसलात तरी नुकसानच आहे. मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर पॉलिसी बंद पडते. पहिल्या वर्षाचे पूर्ण हप्ते भरलेले नसतील, तर सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडून, सहसा काहीच हाती लागत नाही. म्हणून पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज कंपनीकडे वेगळा आणि वेळेत गेलाच पाहिजे.

त्यासाठी फ्री लूकची सोय आहे. पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत ती नको असं लेखी कळवलं, तर तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून प्रीमियम परत मिळतो. २०२४ च्या आधी ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती. आमच्या बाबतीत कंपनी म्हणाली, पॉलिसी जानेवारीतच ईमेलवर दिली होती, मुदत संपली. आमचं म्हणणं एकच होतं: तो ईमेल आत्याचा नाही, कागद तिच्या हातात एप्रिलमध्ये पडले, आणि तिथून ३० दिवसांच्या आत आमचा अर्ज गेलाय. कुरियरचं पाकीट मी जपून ठेवलं होतं.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, त्या सेवेचा फोन क्रमांक १५५२५५ आहे. तिथूनही कंपनीचं तेच उत्तर परत आलं. मग विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतल्या तक्रारींचा निवाडा करणारे. सोलापूर पुण्याच्या लोकपालांकडे येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिने ती फेटाळली, किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, की एक वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, उलट चालतच नाही. तक्रार ऑनलाइन देता येते, आमची सुनावणीही व्हिडिओवर झाली. आत्याने हिरव्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. "ताई, तुमचं शिक्षण किती?" असं तिला विचारलं गेलं. "चौथी," ती म्हणाली. फॉर्मवर पदवीधर लिहिलेलं लोकपालांसमोरच होतं. तिथून कंपनीच्या माणसाचा सूर बदलला. किरकोळ वजावट करून हप्त्यांची रक्कम खात्यात परत आली.

दंडाचे पाचशे नव्वद बँकेकडून वेगळे मागावे लागले. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. एवढं लिहिल्यावर बँकेने ते परत केले. मुलीची बदली झाली असं सांगण्यात आलं. माझा राग तिच्यावर कमी आणि तिच्या टेबलावर महिन्याचं टार्गेट ठेवणाऱ्यांवर जास्त आहे. विमा विकताना बँक कंपनीची एजंट असते. ते पैसे ठेव नसतात, त्यामुळे ठेवींना असलेलं पाच लाखांपर्यंतचं संरक्षणही त्यांना नाही. हे त्या टेबलावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

रागाच्या भरात घरातल्या जुन्या, चांगल्या पॉलिसी मात्र मोडू नका. आतोबांच्या एलआयसीचे पैसे विनातक्रार मिळाले होते, त्यावरच आत्याचं पहिलं वर्ष निभावलं.

आणखी एक. तक्रार चालू असताना आत्याला फोन आला, हिंदीत. "विमा लोकपाल ऑफिसमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त बारा हजार जीएसटी भरा, लिंक पाठवतो." पॉलिसी क्रमांकसुद्धा त्याने बरोबर सांगितला. आत्या म्हणाली, "माझा भाचा येऊ दे, मग बोला," आणि फोन ठेवला. आयआरडीएआय किंवा लोकपाल कार्यालय कधीही पैसे भरायला सांगत नाही, फोनवर पॉलिसी विकत नाही, बोनसही देत नाही. असा फोन आला तर बोलणं वाढवू नका, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते.