चेन्नईत दोन-तीन रात्री: ओएमआर की मैलापूर?

काम ओएमआरवर (ओल्ड महाबलीपुरम रोड, चेन्नईतला आयटी कंपन्यांचा रस्ता) असलं की कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क डोळे झाकून त्याच रस्त्यावरच्या शोळिंगनल्लूरच्या आसपास खोली घेऊन टाकतो. त्यात चूक काही नाही. खोल्या ऐसपैस, ऑफिस जवळ, आणि विमानतळावरून पल्लावरम–तोरैपाक्कम रस्त्यानं शहरात न शिरता थेट पोचता येतं. पण दिवस तर ऑफिसातच जातो. खाणं आणि खरेदी होते ती सकाळी नऊच्या आधी नाहीतर संध्याकाळी सहानंतर, आणि तेवढ्याच वेळेचा हिशेब मांडला तर माझा कल मैलापूरकडे, म्हणजे शहरातल्या जुन्या देवळाभोवतीच्या वस्तीकडे जातो.

ओएमआरवर खाण्याची वाण आहे असं कुणी म्हणणार नाही. आंध्र मेस, केरळी हॉटेलं, बिर्याणी, मॉलमधली फूड कोर्टं, सगळं आहे. रात्रपाळीवाल्यांमुळे उशिरापर्यंत काही ना काही मिळतं. मैलापूर त्या मानानं लवकर झोपतं, आणि तिथल्या जुन्या मेस शाकाहारी. रात्री अकराला काम संपणार असेल तर प्रश्नच मिटला, ओएमआर घ्या.

त्रास एकच, पण रोजचा. मधोमध दुभाजक, दोन्हीकडे सर्व्हिस रोड, त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे. समोरचं हॉटेल खोलीच्या खिडकीतून दिसतं, पण रिक्षानं जायचं तर पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन उलटं यावं लागतं. पायी जायचं तर पादचारी पूल शोधा. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा सर्व्हिस रोडवर पाणी साचलं की तेही नको वाटतं. मग माणूस हॉटेलच्याच बुफेत जेवतो नाहीतर ॲपवरून मागवतो. चेन्नईला येऊन पनीर बटर मसाला खाल्ला जातो तो असा.

मैलापूरला कपालीश्वर मंदिराभोवतीचे चार माडा रस्ते पायाखाली घातले की झालं. सकाळी रायर मेसला इडली, पोंगल आणि घट्ट चटणी. जागा इवलीशी असल्यानं बाहेर थांबायची तयारी ठेवा. तिथंही गर्दी असेल तर पोन्नंबल वात्यार रस्त्यावर जन्नल कडै, म्हणजे शब्दशः खिडकी-दुकान. घराच्या खिडकीतून ताटली बाहेर येते, उभ्यानं खायचं. संध्याकाळी तिथंच गरम बज्जी. कर्पगांबाळ मेसमध्ये कीरै वडै (पालेभाजीचा वडा) आणि अडै-अवियल (डाळ-तांदळाचा जाड डोसा आणि नारळातली मिश्र भाजी). रोझ मिल्क काळत्तीकडे, १९२७ पासूनचं वर्तमानपत्रांचं दुकान आहे ते. गोड फार वाटेल, पण उन्हात चालतं.

नवख्यांचा घोटाळा दुपारी होतो. बऱ्याच जुन्या ठिकाणी अकरा ते तीन फक्त ‘मील्स’, म्हणजे भाताचं पूर्ण जेवण असतं, डोसा मागितला तर नाही म्हणतात. टिफिन, म्हणजे इडली-डोशासारखे पदार्थ, पुन्हा तीन-साडेतीनला सुरू होतो. आणि सांबार आपल्याकडच्या उडपी हॉटेलांसारखं गोड नसतं, तक्रार करू नका.

आता मैलापूरवरचा रास्त आक्षेप: ऑफिसला कसं जायचं? तिरुमयिलै स्टेशनातून एमआरटीएसची (शहरातली उन्नत रेल्वे) लोकल घेतली की सहावं स्टेशन तिरुवान्मियूर. टायडेल पार्क हे आयटी संकुल तिथंच. पुढे शोळिंगनल्लूरला बस, शेअर रिक्षा किंवा कॅब. चेन्नईची सगळ्यात वाईट कोंडी त्यामुळे रुळांवरून टळते. गाड्या मात्र मुंबईसारख्या मिनिटामिनिटाला नाहीत, जिने बरेच, आणि रात्री स्टेशनं ओसाड असतात, म्हणून परतताना नऊनंतर कॅबच बरी. ऑफिस ओएमआरच्या दक्षिण टोकाकडे सिरुसेरीला असेल तर मैलापूरचा हट्ट धरू नका, ते फार लांब पडतं.

याच लाइनवर उलट दिशेला तिरुवल्लिकेणी (ट्रिप्लिकेन) आणि चेपाक. रत्ना कॅफेत (१९४८ पासून) इडलीवर सांबार अक्षरशः ओततात. मासे खाणाऱ्यांनी चेपाकच्या नायर मेसला जावं, म्हणजे मैलापूर शाकाहारी असल्याची तक्रारही मिटते.

दारूच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. बार मोठ्या हॉटेलांत, सुट्या रेस्टॉरंटांत बहुधा नाही. सरकारी टास्मॅक दुकानं दुपारी १२ ते रात्री १०. २ ऑक्टोबरसारखाच जानेवारीतला तिरुवळ्ळुवर दिनही कोरडा असतो.

खरेदीत ओएमआरची बाजू फारच लंगडी, मॉल आपल्याकडेही आहेत. वीकेंड मोकळा असेल तर ईसीआरवरचं (ईस्ट कोस्ट रोड, किनाऱ्याचा रस्ता) दक्षिणचित्र हे संग्रहालय हस्तकलेसाठी चांगलं, मंगळवारी बंद. कांजीवरमसाठी टी. नगर. मैलापूरहून रिक्षानं पोचलात तर निवडायला वेळ उरतो. ओएमआरहून सहाला निघून तिथं आठ वाजले तर दुकान आवरायच्या बेतात असतं, आणि घाईत साडी चुकते. सिल्क मार्कचं लेबल रेशमाची हमी देतं, जरीची नाही. काठाच्या मागचा सुटा धागा नखानं खरवडा, आत लाल रेशीम दिसलं तर जरीचा धागा खरा असण्याची शक्यता जास्त. प्लास्टिक निघालं तर किंमतही त्या हिशेबानं द्या.

मैलापूरहून न चुकता आणायची ती कॉफी पावडर, समोर दळून घेतलेली. ८०:२० म्हणजे वीस टक्के चिकोरी, घरच्यांना कडक चालत नसेल तर हेच प्रमाण घ्या. पाव किलोच घ्या, दोन-तीन आठवड्यांत वास उतरतो. ‘फिल्टरसाठी’ असं सांगून दळायला द्या, फार बारीक पूड भोकं बुजवते. दोन कपांना तीन मोठे चमचे, फिल्टरमधली चकती पुडीवर अलगद ठेवायची, दाबायची नाही, उकळतं पाणी ओतून पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पाकीट दुहेरी बांधून मागा, नाहीतर बॅगेतल्या सगळ्या शर्टांना कॉफीचा वास लागतो.