व्हीवायओएसची रोलिंग इमेज: लॅबसाठी घ्यायच्या आधी उघडून बघितली

गेल्या वर्षी एका ग्रुपवरून राउटरची इमेज (अख्खी सिस्टीम असलेली फाइल) घेतली होती, फाइलचं नाव अगदी बरोबर, बूट पण झाली, पण बीजीपीची (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) कमांडच घेईना आणि मी दोन रात्री कॉन्फिगमध्ये चूक शोधत बसले. शेवटी हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढला तर कंपनीने दिलेल्याशी जुळेना. नाव बदललेली दुसरीच फाइल होती ती. तेव्हापासून इमेज आधी तपासते, मग लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या नेटवर्कमध्ये टाकते.

व्हीवायओएस ही राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम मला आवडली ती यासाठीच. २०१३ मध्ये व्यात्ता या जुन्या राउटर सिस्टीममधून फुटून निघालेली, खाली डेबियन लिनक्स, राउटिंगला एफआरआर हा प्रोग्रॅम, आणि आतलं सगळं बघता येतं. आयएसओसोबत (डाउनलोड होणारी इमेजची फाइल) मिनिसाइन या टूलने केलेली सही मिळते, ती तपासायला एक कमांड पुरते, तेवढं केल्याशिवाय पुढे जाऊच नका. मग आयएसओ लूप माउंट करा (डिस्कसारखी उघडा), लाइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये कर्नल, इनिटआरडी आणि एक भलीमोठी स्क्वॅशएफएस (दाबून बसवलेली फाइलसिस्टीम) फाइल दिसेल, खरा राउटर त्याच फाइलमध्ये आहे. अनस्क्वॅशएफएसने ती सोडवली की नेहमीचं लिनक्सच समोर येतं. त्यातल्या टेम्प्लेट्सच्या फोल्डरमधली बीजीपीची टेम्प्लेट एकदा वाचाच, आपण कमिट (बदल लागू करायची कमांड) मारल्यावर आपल्या सेटच्या लाइनी एफआरआरच्या भाषेत कशा जातात, नेबरचा रिमोट-एएस (समोरच्या राउटरच्या नेटवर्कचा नंबर) कुठे बसतो, सगळं ओळीओळीने दिसतं. मला तर बीजीपी तिथे जास्त कळलं.

एक लक्षात ठेवा, आयएसओवरून नुसतं लाइव्ह बूट केलं तर सेव्ह केलेलं कॉन्फिग रीबूटनंतर उडतं, त्यामुळे आधी 'इन्स्टॉल इमेज' ही कमांड देऊन डिस्कवर टाका. नंतर नवी इमेज घातली तरी जुनी शेजारीच राहते, बूट मेन्यूतून परत तिच्यावर जाता येतं, हे फार छान आहे.

सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची तयारी करत असाल तर मात्र हे नको, कमांडची धाटणी ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरच्या जवळची आहे. तयार एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) इमेजला वर्गणी लागते, रोलिंग फुकट आहे पण रोज नवी बनते, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या इमेजमध्ये काहीतरी बिघडलेलं असू शकतं. माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर जीएनएस३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये पाच राउटर, प्रत्येकी १ जीबी रॅम, आरामात चालतात, आणि ज्या तारखेची आयएसओ नीट चालली ती सहीच्या फाइलसकट वेगळी जपून ठेवलीय.