मायक्रोपिपेट शिकायचंय: ताईला विचारू की पुस्तिका वाचू?

एमएस्सीला नुकत्याच गेलेल्या भाचीचा फोन आला. "मावशी, मायक्रोपिपेट कधी हातात धरलेलं नाही. लॅबमधल्या पीएचडीवाल्या ताईला विचारू, की आधी पुस्तिका वाचू?"

मायक्रोपिपेट म्हणजे अगदी थोडासा द्रव मोजून उचलायचं हातातलं उपकरण. वेळेच्या हिशेबात ताईच बरी. वरचं बटण अंगठ्याने पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, टिप (पुढचं प्लास्टिकचं टोक) द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, अंगठा सावकाश सोडायचा. बाहेर टाकताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत. शेजारी उभं राहिलं की हे दहा मिनिटांत जमतं. पुस्तिकेत आकृती असते, पण अंगठ्याला लागणारा तो हलका अडसर कागदावर कळत नाही. मी पुस्तिकेवरच शिकले आणि आठवडाभर दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढत होते. दर वेळी जास्तच यायचा!

अचूकतेत पारडं फिरतं. ताईच्या सवयीही आपण उचलतो: टिपमध्ये द्रव असताना पिपेट आडवं ठेवणं, किती द्रव घ्यायचा ते ठरवणारं चाक कमाल आकड्यापुढे पिळणं. पुस्तिकेत याला साफ मनाई असते. शिवाय स्वतःला तपासता येतं. १०० मायक्रोलिटर पाणी वजनकाट्यावर साधारण ०.१ ग्रॅम भरायला हवं. दहादा टाकून बघ. आकडे नाचले तर हात चुकतोय. सगळे सारखेच कमी आले तर पिपेटवर संशय घे.

खर्च म्हणशील तर ताईचा चहा.

परवाच प्रॅक्टिकल असेल तर ताईला गाठ. वर्षभर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) करायचं असेल, तर पुस्तिका आणि काटा घेऊन एक दुपार बस. ग्लिसरॉलसारखं चिकट काही असेल तर पुस्तिकेतली उलटी पद्धत (मुद्दाम दुसऱ्या थांब्यापासून ओढायचं, पहिल्यापर्यंतच टाकायचं) आधी वाच, मग ताईसमोर करून दाखव.