सहा महिने, चार खेपा: घरच्या उबवणी यंत्राचा अनुभव

फेब्रुवारीत थर्माकोलचं ५६ अंड्यांचं यंत्र घेतलं. इंदूरला सुदामानगरात घरामागे अंगण आहे, कडकनाथच्या सहा कोंबड्या आहेत, पण एकही नीट खुडूक बसेना. या जातीचं तसंच आहे, तिला अंड्यांवर बसायची फारशी आवड नसते. मग झाबुआहून, म्हणजे कडकनाथच्या माहेरूनच, ३० अंडी मागवली. प्रवासाने हललेली होती म्हणून निमुळतं टोक खाली करून एक दिवस तशीच ठेवली आणि मग यंत्रात मांडली.

सातव्या रात्री दिवे घालवून, पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल शिरा आणि मधला काळा ठिपका. ठिपका चक्क हलला! आई मागे उभी होती, तिने माझा खांदा घट्ट धरला. सहा अंडी कोरी निघाली, ती काढली.

पण पिलं बाहेर यायचा एकविसावा दिवस कोरडाच गेला. तेविसाव्या दिवशी कुठे टोच, म्हणजे पिलाने आतून कवचाला पाडलेलं पहिलं भोक, दिसली आणि २४ पैकी ११ पिलं आली. एक पिलू फार वेळ अडकलंय असं वाटून मी कवच सोलायला गेलो. रक्त आलं आणि ते गेलं. टोच मारल्यावर पिलू बारा ते चोवीस तास थांबू शकतं. तेवढ्यात कवचाच्या आतल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक ते आत ओढून घेत असतं. हे मला आधी माहीत हवं होतं. ते पिलू अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उशीर का झाला ते नंतर कळलं. यंत्र ३७.७ दाखवत होतं, पण ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवला तर ३६.४. सेन्सर बल्बच्या जवळ लावलेला! विकणाऱ्याला फोन केला, तर "साहब, सब ऐसे ही चलते हैं." सेन्सर मीच खाली ओढला, कंट्रोलरमध्ये उरलेला फरक भरला. मार्चच्या खेपेत ३० पैकी १९ पिलं, बरोब्बर एकविसाव्या दिवशी.

मेमध्ये मात्र सगळं फिसकटलं. यंत्र वरच्या मजल्यावर होतं आणि दुपारी खोलीच ३९ अंशांवर जायची. या यंत्रात फक्त गरम करायची सोय आहे, गार करायची नाही. खोलीच तापली की कंट्रोलर बल्ब बंद करून गप्प बसतो आणि आतली अंडी भाजत राहतात. त्यात हवा इतकी कोरडी की पाण्याची वाटी संध्याकाळपर्यंत रिकामी. चारच पिलं आली. बाकीची पूर्ण वाढलेली, पण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून गेलेली. इंदूरकरांनी उन्हाळ्यात यंत्र तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत ठेवावं, नाहीतर मेची खेप सोडूनच द्यावी.

त्यापेक्षा लाईट जाणं बरं. तीन तास गेली होती, मी झाकण न उघडता वरून गोधडी टाकली, काही बिघडलं नाही. कोंबडीसुद्धा दाणापाण्याला उठतेच की.

जुलैची खेप वजनावर सांभाळली. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, दर चार दिवसांनी तीच पाच अंडी मोजली. अठराव्या दिवसापर्यंत आतलं पाणी उडून अंड्याचं वजन साधारण १२ टक्के उतरायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमचं ४४ वर यावं. पावसाळी हवेत ते उतरत नव्हतं म्हणून पाणी काढूनच टाकलं. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं, वाटी पुन्हा भरली, आर्द्रता ६५ च्या वर नेली आणि झाकणाला हात लावला नाही. २२ पिलं.

अंडी फिरवायची मोटर दोनदा अडकली, पंखा आवाज करतो, थर्माकोल कोपऱ्यात पिवळा पडलाय. तरी परत घेईन का? घेईन, पण पहिल्या दिवशी रिकामं चालवून थर्मामीटर आत ठेवूनच. आत्ता पिलं खोक्यात ३२ अंशांवर आहेत, दुसरा आठवडा आहे, आणि आई त्यांच्या पाण्यात खडे टाकतेय, बुडू नयेत म्हणून.