जुनी एमएक्स-५ घरीच ३० मिलिमीटर खाली बसवली: एका ब्रिटिश हिवाळ्यानंतरचा अनुभव

गाडी १९९६ची माझ्दा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.८ लिटरची. सामान म्हणजे आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा आणि कोनीचे पिवळे स्पोर्ट शॉकअप. कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, मुद्दाम टाळले. उंची कमीजास्त करायची सोय हाताशी असली की माणूस गाडी खालीच आणत राहतो, आणि इथल्या मिठाच्या रस्त्यांवर ते आटे दोन हिवाळ्यांत गंजून घट्ट बसतात.

आधी कामाबद्दल. पुस्तकात सोपं वाटतं: बॉनेटखालचे दोन नट, शॉकअपचा खालचा बोल्ट, वरच्या विशबोनचा (चाक धरून ठेवणाऱ्या दुबेळक्या दांड्याचा) लांब बोल्ट, की पुढचा शॉकअप बाहेर. प्रत्यक्षात तो लांब बोल्ट बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या, नळीत गंजून बसलेला असतो. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारत राहा, पुढच्या शिव्या वाचतील. अँटी-रोल बारच्या (वळणावर झुकणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा, नाहीतर चाक पुरेसं खाली येत नाही. मागचे नट डिकीत, कार्पेटखाली आहेत. स्प्रिंग कॉम्प्रेसर स्वस्तातला घेऊ नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर बोटं जातील.

आणि विशबोनचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नका. या गाडीच्या बुशांमधलं रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो, उंची चुकते आणि बुश फाटतं. चाकं फळ्यांवर टेकवून, गाडीचं वजन त्यांच्यावर घेऊन मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) चालवा.

आता वापराबद्दल. माझं मत असं झालंय की खाली बसवलेल्या गाडीत स्प्रिंगपेक्षा शॉकअपला वर जायला उरलेली जागा महत्त्वाची. या गाडीत ती मुळातच तुटपुंजी. त्यातले ३० मिलिमीटर तुम्ही उभ्या उभ्याच खर्च केले, की दणका थेट बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी गट्टूवर. म्हणून मी दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९८ नंतरच्या गाडीचे वापरलेले टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारे भाग) आणि त्यांचे बंपस्टॉप बसवले. त्यांत शॉकअपला वर जायला जास्त जागा मिळते. सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि फरकही सर्वांत जास्त हिचाच. निव्वळ स्प्रिंगा बदलून जुन्याच शॉकअपवर फिरणाऱ्या गाड्यांत बसून पाहिलंय; डोलतात आणि आपटतातही.

वळणावर गाडी आता कमी झुकते, स्टिअरिंगला उत्तर लवकर देते. मोटरवेवर मात्र सिमेंटचे सांधे मोजता येतात. कोनीची वरची खुंटी मी जवळपास मऊ बाजूलाच ठेवली आहे; कडक केल्यावर ओल्या, ओबडधोबड गल्लीत मागचं चाक रस्ता सोडतं. इथले स्पीडब्रेकर नियमानुसार १०० मिलिमीटरपर्यंत उंच असू शकतात. सावकाश घेतले तर पोट घासत नाही. पुण्यातला मावसभाऊ त्याच्या हॅचबॅकला हेच करायचं म्हणतोय. त्याला सांगितलं, बाबा रे, तुझ्या सोसायटीच्या दारातलाच उंचवटा आधी पट्टीने मोज.

अलाइनमेंट केल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात, टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, तोही बदलतो. जवळच्या एका टायरवाल्याने फक्त पुढचा टो लावून बिल हातात दिलं. शेवटी चारही चाकांचं काम करणारा शोधला. पुढे १ अंश, मागे दीड अंश आत, टो किंचित आत. हे कोन लावणारे कॅमबोल्टही गंजलेले असतात, तेव्हा नवे सोबतच न्या. टायर सध्या सारखे झिजतायत. स्प्रिंगा काही आठवड्यांत अजून थोड्या बसतात, त्यामुळे अलाइनमेंटची घाई नको.

विमा कंपनीला बदल आधी कळवा. माझा हप्ता किरकोळ वाढला, पण लपवलं तर दावाच नाकारू शकतात.

एक कटकट उरलीच: माझा ट्रॉली जॅक आता पुढून आत जात नाही. तेल बदलायचं असलं की आधी गाडी फळ्यांवर चढवायची, मग जॅक.