पाइनहर्स्ट क्रमांक २: डोनाल्ड रॉस यांच्या हातचे मैदान

मूळचे स्कॉटलंडमधील डॉर्नॉकचे असलेले डोनाल्ड रॉस यांनी नॉर्थ कॅरोलायनात आखलेले हे गोल्फचे मैदान १९०७ मध्ये खुले झाले आणि त्यानंतरही अनेक वर्षे ते त्यात सुधारणा करत राहिले. खरी परीक्षा ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, होते: मध्यभागी उंच आणि कडांना उतरत्या अशा या ग्रीनवर जरा बाजूला पडलेला चेंडू सावकाश घरंगळत खालच्या खोलगट भागात जातो, आणि तेथून तो पटरने (चेंडू जमिनीवरून ढकलण्याची काठी) ढकलावा की वेजने (चेंडू उंच उडवण्याची काठी) उचलावा, हे खेळाडूलाच ठरवावे लागते. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात गोल्फ मैदानांचे रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी दाट रफ (कडेचे वाढलेले गवत) काढून उघडी वाळू व वायरग्रास (तारेसारखे बारीक स्थानिक गवत) परत आणले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. नवख्या खेळाडूला मैदान दमवते, पण फेअरवे (ग्रीनपर्यंत नेणारे आखूड गवताचे पट्टे) रुंद आहेत.