स्वतःचे ग्रिड की क्लाउड?

लातूर बाजारातील तूर-सोयाबीनचे भाव दाखवणारे पान छत्रपती संभाजीनगरातील आमच्या लहान चमूने तयार केले, तेव्हा कार्यालयातल्याच दोन संगणकांवर सेलेनियम ग्रिड (ब्राउझरच्या चाचण्या अनेक संगणकांवर वाटून चालवणारी प्रणाली) उभारून क्रोम आणि फायरफॉक्सवरील स्वयंचलित चाचण्या विनाशुल्क होत असत. वेग चांगला होता, माहितीही बाहेर जात नव्हती. मात्र वीज गेली की रात्रीची फेरी अर्धवट राहायची.

खरी अडचण अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरची. विंडोजसाठीची सफारी अ‍ॅपलने २०१२ मध्येच थांबवल्यामुळे एक तर मॅक विकत घ्यावा लागतो, नाहीतर क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक आणि ब्राउझर. क्लाउडवर आम्ही जुनी सफारी निवडली, तेव्हा तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा असलेली नोंद तिला वाचता आली नाही आणि भावाशेजारी ‘इनव्हॅलिड डेट’ उमटले; क्रोमने तीच नोंद निमूटपणे स्वीकारली होती.

वेबड्रायव्हर (चाचणीतून ब्राउझरला आज्ञा देण्याची पद्धत) २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक असल्याने त्याच चाचण्या बहुतांशी सर्व्हरचा पत्ता आणि ब्राउझरचा तपशील बदलून क्लाउडवर चालतात. तेथे शुल्क बहुधा समांतर सत्रांवर, म्हणजे एकाच वेळी किती चाचण्या चालतात त्यावर, ठरते, शिवाय प्रत्येक आज्ञा इंटरनेटवरून जात असल्याने लांबलचक चाचण्या रेंगाळतात. म्हणून रोजची तपासणी ग्रिडवर आणि प्रकाशनापूर्वीची सफारीची फेरी क्लाउडवर, ही वाटणी मला परवडणारी वाटते.